चौथ्या पिशाच्चासाठी जागा

"माळ कुठं गेला?" जीपमधून उतरताच आप्पारावांनी विचारलं.

"हितंच हाय की," छबुबाई हसल्या. "बघा नीट."

आप्पाराव कोल्हापूरचे. सिनेमासाठी जागा शोधणं हे त्यांचं काम. रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची एकच गोष्ट त्यांच्या मालकांनी तीनदा पडद्यावर आणली होती, आणि तिन्ही वेळा आप्पारावांनी लिंबागणेशच्या पुढची हीच खडकवाडी निवडली होती. बहात्तरच्या दुष्काळातलं पहिलं पिशाच्च कृष्णधवल. ते काळं घोंगडं पांघरून या माळावर हिंडलं. दुसरं रंगीत. त्याच्या ओठांना लावायला काकवीत कुंकू कालवलं होतं. शहाऐंशी साली तिसरं आलं, ते तर गाणंही म्हणायचं. तिन्ही वेळा गावात हिरवं पान नव्हतं.

आता चौथं काढायचं ठरलं होतं. त्याची बातमी कानावर येताच छबुबाईंचं पत्र आलं : या खेपेला बी या, जागा बघून जा.

"हे राधाकिशनराव, धर्मापुरीचे," छबुबाईंनी शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांची ओळख करून दिली. "तुमाला भेटायचं म्हणत व्हते."

राधाकिशनरावांनी हात जोडले आणि ते मुकाट्यानं बरोबर चालू लागले.

पिशाच्च जिथून उठायचं त्या उतारावर सीताफळाची बाग होती. खाली तलाव भरलेला. पलीकडं ज्वारी कणसांवर आलेली. आप्पाराव एखादं वठलेलं झाड तरी दिसतं का म्हणून मान वळवत राहिले. या बाईला नाही कसं म्हणायचं?

"बहात्तरला तुमी शूटिंगचा पाण्याचा टँकर गावात सोडला नसता तर आमी जगलोच नसतो," छबुबाई म्हणाल्या. "भुतांच्या गर्दीत उभं ऱ्हायला साठ माणसं लागली तुमाला. त्याच साठांची आमी मजूर सोसायटी केली. पिच्चर संपला, सोसायटी टिकली. तिसऱ्या पिच्चरनंतर तलाव बी तिनंच बांधला. दर पाडव्याला मी त्याच्या नावानं हात जोडते."

"कुणाच्या?"

"पिशाच्चाच्या. आन तुमच्या."

 आप्पारावांनी हातातल्या रुमालानं उगाच चष्मा पुसला.

"तिन्ही येळा हितंच कावून आणलं त्याला?" राधाकिशनरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"भूत शोभावं असं उजाड गाव दुसरं सापडलंच नाही. लोकांना तर ते खरंच वाटायचं."

"वाटतं," राधाकिशनराव गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडं सगळ्यायनं बघितलेत तिन्ही पिच्चर."

सोसायटीच्या ओट्यावर चहा आला. गावातली पाच-पन्नास माणसं भोवती जमली होती. छबुबाई आता सोसायटीच्या चेअरमन; त्या आप्पारावांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. आप्पारावांना चहा गोड लागेना. शेवटी त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"छबुबाई, माफ करा. तुमच्या गावानं मला तीनदा तारलं. माझं नाव झालं ते याच माळामुळं. पण यावेळी जमणार नाही. इथं पिशाच्च राहतं हे आता कुणालाही पटायचं नाही."



"पुन्ना एकदा म्हना," छबुबाई म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."

आप्पारावांची मान खाली गेली. ज्या बाईचा आपल्यावर एवढा जीव, तिच्या तोंडावर हेच दोनदा बोलायचं.

"या गावात भुताला जागाच उरली नाही, बाई."

छबुबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला आणि त्या राधाकिशनरावांकडे वळल्या.

"भुताच्या गावात लेक देत न्हाई म्हणला व्हता न्हवं, पाव्हणे? ज्यानं भूत आणलं त्याच्याच तोंडून ऐका म्हणून बोलावलं त्यायला. आता तरी द्याल का पोरगी माझ्या पोराला, जालिंदरला?"