मीठ दोनदा पडलं

पंगत बसायला अर्धा तास उरला होता आणि चारशे माणसांचा मसालेभात खारट झाला होता.

कानामागे पट्टी लावली की स्वयंपाकघरातल्या पाचही जणींची आठवण एक व्हायची. एकीने कांदा चिरला की तो आपणच चिरल्याचं सगळ्यांना आठवायचं. विचार तेवढे जिचे तिचे. म्हणूनच एक रीत होती: पातेल्याला हात घालण्याआधी "माझं" म्हणायचं, म्हणजे बाकीच्या थांबतात. शेवंताकाकू तसं म्हणाल्याही होत्या. घाईत असलेल्या नलिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि दोघींच्या मुठीतलं मीठ एकदमच भातात पडलं.

"दोनदा मीठ टाकलं कुणी?" मालकीण मंदाताईंनी विचारलं. त्या पट्टी लावत नसत.

"काकू 'माझं' म्हणाल्याच नाहीत," नलिनी बोलून गेली.

काकूंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. "हो, माझंच चुकलं."

तीस वर्षं आचारीपण केलेल्या त्या बाईला मंदाताईंनी नवशिकीसारखं झापलं. ती बोलणी आपणच खाल्ल्याचं नलिनीला आठवू लागलं, आणि तिची मान खाली गेली. मग तिच्या लक्षात आलं. आठवण एकच असेल, तर आपलं खोटंही या चौघींना स्वतःच्या तोंडून निघाल्यासारखं आठवत असणार.

मंदाताई मात्र चक्रावल्या. चूक एकीची, मग पाचही जणी माना खाली घालून का उभ्या होत्या?