सत्तावीस गेम

थंडीतला ऑनलाइन सेल लागला की यु-रिम धास्तावायची. तिचा नवरा ग्यु-हो स्वस्त मिळतात म्हणून व्हिडिओ गेम ढिगाने विकत घ्यायचा आणि त्यातले निम्मे उघडूनही बघायचा नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आठही डिसेंबर भांडणात गेले होते. यंदाही रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन बसला, तेव्हा ती मुद्दाम शेजारीच, थंडीसाठी खालून तापवलेल्या फरशीवर संत्री सोलत बसली. त्याने सत्तावीस गेम निवडले. थोडा वेळ यादीकडे बघत राहिला आणि मग एकेक करत सगळे काढून टाकले.

“अरे, बरा आहेस ना?” तिने आनंदाने त्याच्या तोंडात संत्र्याची फोड घातली. “हे सुचलं कसं तुला?”

“आमच्या ऑफिसातल्या प्यो मॅडम म्हणाल्या, आज रात्री खेळणार असशील तरच घे, नाहीतर सोडून दे. इतकं पटलं ना गं मला!”

“मी आठ वर्षं दुसरं काय सांगतेय?”

“हो, पण त्या किती छान समजावून सांगतात!”

यु-रिमच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. मग तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

“हा ड्रॅगनचा घे. हा मोटारींचा पण घे.”

“अगं, पण मी खेळणार नाहीये ते.”

“ऐंशी टक्के सूट आहे,” ती म्हणाली. “घे मुकाट्याने.”