डाव्या कुशीचं ठिगळ

“ही ती बोट नाही,” म्हातारा म्हणाला आणि त्याने फोटो तिच्याकडे सरकवला.

शिंपीण जागची हलली नाही. दोन गाड्या बदलून ती गोदीच्या या संग्रहालयात आली होती, ती रिकाम्या हाताने परतायला नव्हे. म्हाताऱ्याची उभी हयात गोदीत गेली होती, आणि नुसत्या धुरांड्यावरून तो मालवाहू बोटीची कुंडली मांडतो म्हणे. भिंतींवरच्या शेकडो फोटोंखाली त्याच्या मोत्यासारख्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या.

आल्या आल्या तिने त्याला सगळं सांगितलं होतं. वडील गोदीत पत्रे ठोकायचे. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, ‘बोटीच्या डाव्या कुशीला मोठं ठिगळ मारलंय. उद्या तिच्यावरच कामाला चढतोय.’ आठ दिवसांनी बोट बुडाली. कोणी वाचलं नाही.

“आई अजून दाराला कडी लावत नाही,” ती म्हणाली होती. “बोट सुटतानाचा फोटो बघितला, की तिचं मन मानेल.”

तेव्हापासून म्हाताऱ्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. त्याने खिडकी उघडली, परत लावली. डावा हात कोटाच्या खिशात ठेवून चहा ओतला, तो निम्मा बशीत. वय झालं बिचाऱ्याचं, असं मनाशी म्हणत तिने किटली घेतली आणि आपल्या डावखुऱ्या हाताने दोन्ही कप भरले. ‘बापाने तुला एवढंच दिलं,’ आई त्या हाताकडे बघून म्हणायची.

“पण ठिगळ तर आहे ना हिला?” तिने विचारलं.

“आहे. उजव्या कुशीला. तुमच्या बोटीचं डाव्या. विषय संपला.”

तिने भिंग उचललं. बोट धक्का सोडत होती, काठावर राहिलेले कामगार हातोडे उंचावून निरोप देत होते. जन्मभर सदरे शिवलेल्या बाईची नजर बोटीवर किती वेळ टिकणार? ती सदऱ्यांवर गेली आणि तिथेच अडकली.

“यांचे खिसे उजवीकडे कसे?”

“काय?”

“सदऱ्यांचे खिसे. पुरुषाचा खिसा डाव्या छातीवर असतो. एखादा शिंपी चुकेल, सगळे कसे चुकतील?”

“मी बोटी ओळखतो,” म्हातारा म्हणाला. “माणसं नाही.”

ती उठली आणि फोटो कोपऱ्यातल्या आरशासमोर धरला. खिसे डावीकडे आले. ठिगळही डाव्या कुशीला आलं. कोणीतरी निगेटिव्हची काच उलटी ठेवून फोटो छापला होता.

“हीच ती बोट!” तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. आई आता कडी लावेल.

तिने डोळे पुसले आणि आरशात पुन्हा नीट पाहिलं. आता सगळे हातोडे उजव्या हातात होते. एक सोडून. त्या माणसाचा चेहरा मुंगीएवढा होता.

“बाबा चढलेच नाहीत,” ती म्हणाली. “ते काठावरच होते.”

तिने फोटो टेबलावर ठेवला. त्याचा धक्का लागून भिंग कडेवरून घरंगळलं.

म्हाताऱ्याने ते वरच्यावर झेललं. डाव्या हाताने.