सातव्या मजल्यावरचा गारवा

"बाई, खोली पुन्हा गार पडलीय."

"आलेच काका," ऑपरेटर बाई म्हणाली आणि फोन ठेवता ठेवताच उठली. केस तिने मघाशीच विंचरून ठेवले होते.

तळघरातल्या त्या कंट्रोल रूममध्ये पूर्वी इतकी माणसं असायची की चहाला कप पुरायचे नाहीत. मग इमारत हुशार झाली. माणूस उठून गेला की दिवा आपला आपण विझू लागला. तोंड बघून दार उघडू लागलं. कुणाच्या घरात किती गारवा हवा, तेही यंत्रच सांभाळू लागलं. वीज वाचली, चोऱ्या थांबल्या आणि एकेक करून माणसंही कमी झाली. शेवटी पॅनलसमोर बाई तेवढी उरली. फार वेळ हलली नाही, तर तिच्या डोक्यावरचा दिवाही विझायचा. मग हात वर करून, बाबा रे, मी आहे अजून, असं त्याला कळवावं लागायचं.

लिफ्टही शिस्तीची. रहिवाशाला म्हणेल तिथे न्यायची, पण कामावरच्या माणसासाठी वरून तक्रार आल्याशिवाय हलायची नाही. तक्रार आली की जाऊन बघायचं, रहिवाशाचा अंगठा यंत्रावर घ्यायचा, की तक्रार मिटली.

सातव्या मजल्यावर घड्याळकाका राहायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बायको गेल्यापासून एकटे. बाई पोचेपर्यंत खोली पुन्हा उबदार व्हायला लागलेली असायची आणि काकांनी चहाचं आधण ठेवलेलं असायचं.

"अंगठा कुठे पळून जातोय? आधी चहा घ्या."

मग त्यांच्या बायकोच्या तिखट जिभेच्या गोष्टी निघायच्या. बाईचा मुलगा दूरदेशी, वाढदिवसाला फोन करणारा, त्याचाही विषय निघायचा. घरी बाईची वाट बघायला कुलूप तेवढं होतं, त्यामुळे घाई नसायची.

वायरमन तिला चिडवायचा. "म्हातारा भाळलाय तुझ्यावर. नाहीतर तुझ्या सुट्टीच्या दिवशी त्याची खोली बरी गार पडत नाही?"

"तुझ्या जिभेला हाड नाही मेल्या," बाई म्हणायची आणि पॅनलकडे तोंड फिरवायची.

एकदा काका चहा ओतताना म्हणाले, "माझ्याकडे एक गिऱ्हाईक यायचं. घड्याळ त्याच्या घरी बंद पडायचं, माझ्या दुकानात आणलं की सुरू. असं घड्याळ मी उघडत नसे."

"मग काय करायचात?"

"घरी कोण कोण असतं, ते विचारायचो."

बाईचं बिस्किट मोडून कपात पडलं. काकांनी तिला चमचा दिला.

आणि मग एक दिवस काकांची लेक खाली आली. चेहरा ओढलेला, हातात गाडीची किल्ली.

"रोज म्हणतात गार पडतं. इंजिनिअर सगळं तपासून गेले. सेन्सर ठणठणीत, यंत्र ठणठणीत. मग बिघाड कुठे आहे, ते उघडच आहे ना?" तिने कपाळाला बोट लावलं. "एक संस्था बघितलीय. चोवीस तास लक्ष देतात. बाबा ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, या घरातून मला चौघांनीच बाहेर काढायचं."

"काकांचं डोकं अगदी जागेवर आहे हो ताई."

"तुम्ही तर रोज जाता वर. तुम्हीच सांगा. तुम्हाला कधी गार लागलं?"

"मी पोचते तोवर... नसतं."

"बघा."

लेक जायला वळली तशी बाई म्हणाली, "एक आठवडा थांबा. एकही तक्रार आली नाही, तर राहू द्या त्यांना इथे."

"आठवड्यात काय होणार आहे?"

"काही बिघाड आपोआप बसतात ताई."

लेकीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं. पण एक जरी तक्रार आली, तरी मी त्यांना घेऊन जाणार. यंत्र मला लगेच कळवतं."

त्या आठवड्यात फोन वाजला नाही.

बाई डबा उघडायची आणि तसाच मिटून ठेवायची. हात मांडीवर धरून बसायची. दिवा विझायचा, ती हात वर करायची. पुढेपुढे तेही करीना. अंधारात पॅनलचे आकडे तेवढे चमकत राहायचे.

"म्हाताऱ्याला दम भरलास वाटतं," वायरमन म्हणाला. बाई पदराने पॅनल पुसत राहिली. तोही मग चिडवायचा थांबला.

आठवडा सरला. लेकीचा फोन आला. आवाज हलका झाला होता. "बाबा राहतील तिथेच. तुमचं खरं निघालं. पण पुन्हा तक्रार आली तर मात्र..."

"नाही येणार," बाई म्हणाली. "कधीच नाही येणार."

झालं ते बरंच झालं, असं तिने स्वतःला बजावलं. दिवा विझला. तिने विझू दिला.

थोड्या वेळाने तो आपोआप लागला. बाई तर हललीही नव्हती.

दारात घड्याळकाका उभे होते. अंगात जाड स्वेटर, गळ्याला मफलर, कपाळावर घामाचे थेंब. एका हातात थर्मास, दुसऱ्यात दोन कप.

"बाई, खोली गार पडलीय."

"खाली कशाला आलात काका? फोन करायचात."

"फोन केला की लेकीला कळतं." रिकाम्या खुर्च्यांपैकी एक ओढून ते बसले आणि थर्मासचं झाकण फिरवू लागले. "आठवडाभर काढला कसाबसा. आता नाही सोसत हो."

बाईने पॅनलकडे पाहिलं. सातव्या मजल्यासमोर चोवीस अंश होतं. लेक येऊन गेल्यापासून तिने तो आकडा एकदाही खाली आणला नव्हता.