उन्हाळ्याआधीची तपासणी

थंडी सरली की बाबा गाडी गॅरेजला दाखवायचेच. यंदा मुलगाही सोबत आला, पण त्याला एका जागी बसवेना. बाबा बाहेर टायर बघताहेत असं पाहून तो मेकॅनिकजवळ गेला.

"काका, गाडी चांगली असली तरी त्यांना सांगा, आता चालवण्याजोगी राहिली नाही. परवा भिंतीला घासली त्यांनी. ते बाहेर पडले की माझा जीव टांगणीला लागतो. पण तोंडावर कसं सांगू?"

मेकॅनिक बॅटरी पुसत राहिला. "सकाळीच फोन आला होता त्यांचा. म्हणाले, डोळे साथ देत नाहीत, पण पोराजवळ कबूल करायला जीभ रेटत नाही. गाडीतच काहीतरी खोट काढा."