राजाचा कौल

हिराबाईनं राजा बदकाला बखोटीला धरून ओट्यावर आपटलं आणि कोयता शेजारी ठेवला.

"आज याचा रस्सा."

वाळू दाढी करत होता. एक गाल साबणाचा, एक मोकळा. "अगो, सकाळी सकाळी काय झालं तुला?"

"काय झालं? कोंबडा बघा जरा!"

कोंबडा गोठ्याच्या आढ्यावर अंग चोरून बसला होता. चार दिवस राजानं त्याला खाली उतरूच दिलं नव्हतं. कोंबड्या राजाच्या, दाणे राजाचे, आणि प्यायच्या पाण्याचं घमेलं म्हणजे राजाचं न्हाणीघर. बायकोच्या कटकटीनं वाळूचं डोकं भणभणलं. त्यात बदक कापायला तिनं लग्नाकार्याची साडी का नेसलीय, तेही कळेना.

दोन वर्षांपूर्वी मुरबाडच्या बाजारातून त्यानंच हे बदक आणलं होतं. चार किलोचं धूड, तोंडावर लाल चामखिळी, आवाज नाय. नुसतं फुसफुसायचं. पण समोर बसून काही बोललं की मान पुढं-मागं हलवायचं. वाळूनं लगेच त्याचा देव करून टाकला. "राजा, सुकट नको, मटण आणू ना?" मान हलायची. "राजा, शेतावर उद्या गेलं तर चालंल?" मान हलायची. आळी हसायची, हिराबाई चरफडायची. "राजानं कौल दिला, माझा काय विलाज?" म्हणत वाळू खाटेवर आडवा व्हायचा.

परवा माधुरीचंही तेच झालं. पोरीचा कल्याणला नर्सिंगला नंबर लागला होता. होस्टेलवर राहायचं होतं. लेक नजरेआड व्हायला वाळूला नको होती, पण तिच्या तोंडावर नाय म्हणायचा धीर होईना. त्यानं राजाला आळीसमोर ओट्यावर बसवलं. "राजा, आपली माधुरी घरीच बरी ना?" राजानं तीनदा मान हलवली. तेव्हापासून पोरगी बापाशी बोलली नव्हती. ॲडमिशनचा आज शेवटचा दिवस. हिराबाईनं मात्र त्यावर चकार शब्द काढला नव्हता. तिचं आपलं बदक, बदक आणि बदक.

"कापायचा तो रीतीनं कापते," ती म्हणाली. "त्यालाच विचारते."

शेजारची सकुबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. आणखी चार डोकी जमली. हिराबाई राजासमोर उकिडवी बसली.

"राजा, तुला आज कापू का रे?"

राजानं मान हलवली. वर शेपटीपण हलवली.

आळी खदखदून हसली. हिराबाईनं कोयता उचलला.

वाळू साबणासकट धावला. "अगो थांब! त्याला काय कळतंय? तो कशालापण मान हलवतो! बदक हाय ते!"

"कशालापण?"

"कशालापण! काय वाट्टेल ते विचार त्याला!"

"सकुबाय, ऐकलंस?"

"अख्ख्या आळीनं ऐकलं गो."

हिराबाईनं कोयता खाली ठेवला. राजाला सोडून दिलं. मग पदर खोचत घराकडं तोंड केलं.

"माधुरी, ती भरलेली बॅग आण गो बाहेर. फाट्यावरनं दहाची एसटी गाठायचीय."