नामंजूर कलम

संविधान दिनासाठी सरांनी सातवीच्या पोरांकडून गावाचं संविधान लिहून घेतलं. एकेकानं कलम वाचायचं, वर्गानं हात वर करून मंजूर करायचं. झाडं लावू, शिव्या देणार नाही, सगळं भराभर मंजूर होत गेलं. पल्लवी टुणकन उठली. "स्मशानातलं टिनाचं शेड आमच्या वस्तीलेबी खुलं राहील!" मागच्या पावसाळ्यात तिच्या आजीचं सरण उघड्यावर विझत राहिलं होतं, ताडपत्री धरताना बापाचे हात पोळले होते. एकही हात वर झाला नाही. तिनं शेजारच्या योगिनीला, जिवलग मैत्रिणीला, कोपरानं ढोसलं. "माहे आबा सरपंच हायेत. घरी मार खाऊ काय वं?" योगिनी पुटपुटली. "नामंजूर," सर फळा पुसत म्हणाले, "पण पल्लवी, आवाज तुहा खणखणीत हाय. सरपंचासमोर बाकीचं तूच वाचजो." कार्यक्रमात मंजूर कलमं वाचताना पल्लवी कुठंच अडखळली नाही. सगळ्यात जोरात टाळ्या योगिनीनं वाजवल्या.